पगार विचारणाऱ्यांशी कसं वागावं

माणसाला पगार एकच असतो, अशी भाबडी समजूत शाळेतल्या गणिताच्या पुस्तकाने आपल्या डोक्यात घालून ठेवली आहे. 'रामरावांचा मासिक पगार अमुक रुपये आहे, तर' वगैरे. रामरावांच्या काळात ते ठीक होतं. तुम्ही नुकतेच नोकरीला लागला असाल किंवा लागायच्या बेतात असाल, तर किमान चार पगार जवळ बाळगल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एक नातेवाइकांसाठी, एक स्थळांसाठी, एक पुढच्या कंपनीच्या एचआरसाठी आणि एक त्या मित्रासाठी, ज्याला उसने हवे असतात. पाचवा दर महिन्याला बँकेत जमा होतो. तो कोणी विचारत नाही, आणि तो सांगण्यासारखाही नसतो.

सुरुवात ऑफर लेटरपासून करा. समजा त्यावर 'वार्षिक ६ लाख रुपये' असं ठळक अक्षरात छापलं आहे. ते वाचल्या वाचल्या १२ ने भागून ५० हजार काढणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. पत्राच्या शेवटी एक तक्त्याचं पान असतं, ते एकट्याने, शक्यतो पोटभर जेवून मग वाचावं. मूळ वेतन दरमहा २५ हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ३ हजार, कंपनी तुमच्या पीएफमध्ये भरणार. केवढा हा मोठेपणा! फक्त त्याचे वर्षाचे ३६ हजार तुमच्याच ६ लाखांत मोजलेले असतात, आणि वर तेवढेच ३ हजार दरमहा तुमच्या पगारातूनही कापले जातात. दोन्ही हात तुमचे, टाळी कंपनीला. नोकरी सोडताना मिळायच्या ग्रॅच्युइटीचे वर्षाला १४ हजार ४३० रुपये त्याच ६ लाखांत दडलेले. गटविम्याचा हप्ता धरा ९ हजार ६००. त्याखाली व्हेरिएबल ६० हजार. ही रक्कम तुमची कामगिरी, टीमची कामगिरी, कंपनीची तिमाही आणि क्लायंटच्या देशातली निवडणूक हे सगळं एकाच वेळी चांगलं गेलं तर मिळते.

आता जे उरलं त्याला खुशाल १२ ने भागा. त्यातून स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा करा. हातात आले ३६ हजार ८०० च्या आसपास. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, हे ऐकून हुरळून जाऊ नका. सरकारने पूर्ण हिशोब बघितला आणि तुम्हाला सोडून दिलं, इतकाच त्याचा अर्थ.

व्यवसाय कराबद्दल मात्र कुरकुर नको. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले की ऑफिसातला एखादा तरी नवखा पोरगा एचआरला मेल करतो. त्याला समजावून सांगा की ११ महिने २०० आणि एक महिना ३०० मिळून अडीच हजार होतात, आणि राज्यघटनेने या करावर वर्षाला तेवढीच कमाल मर्यादा घातलेली आहे. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायला. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला, पाझर तलावावर माती वाहणाऱ्याला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराने थोडा हात सैल सोडायचा, ही कल्पना. म्हणजे तुमच्या पेस्लिपवरच्या साऱ्या ओळींमध्ये कोणाच्या तरी कामाची हमी घेण्यासाठी जन्मलेली ओळ ही एकच. तुमचा प्रोजेक्ट त्या योजनेत बसत नाही. मी चौकशी केली आहे.

आता नातेवाईक. मंगल कार्यालयात जेवायला बसलात की एक मावसकाका हमखास शेजारी येऊन टेकतात. "काय रे, कुठे असतोस सध्या?" याला "हिंजवडी" एवढंच उत्तर द्यावं. तिथल्या आयटी पार्कातली फेज सांगू नये, कारण सर्वांत आतली फेज तीन म्हटलं की त्यांना तुमची कीव येते. मठ्ठा येईपर्यंत दुसरा प्रश्न आलेला असतो, "पॅकेज किती?" इथे घाईने ६ लाख सांगून मोकळे झालात तर तुम्ही अजून कच्चे आहात. काकांकडे त्यांच्या जावयाचा आकडा तयार असतो आणि तो तुमच्या आकड्यापेक्षा २ लाखांनी जास्तच निघतो. तुम्ही १२ सांगा, तो १४ होईल. म्हणून आधी जावई बाहेर काढून घ्यायचे. "भावजींचं कसं चाललंय?" असं प्रेमाने विचारावं, आकडा आला की क्षणभर थांबावं, "हो, सुरुवातीला तेवढंच देतात" म्हणावं आणि वाढप्याला हाक मारावी.

काकांचा स्वतःचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षा देत असेल तर मात्र जरा नमतं घ्या. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला अर्जाचे हजार रुपये. त्या पदाचं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं. तुमच्या त्या तक्त्याच्या पानावर २५ हजार आहेत, बघा पुन्हा एकदा. म्हणजे चार वर्षं इंजिनिअरिंग करून तुम्ही तलाठ्याच्या ५०० रुपये मागे आहात, आणि तुमच्या मूळ वेतनावर महागाई भत्ताही नाही. तलाठ्याचा पगार सरकारनेच छापून जाहीर केलेला, त्यामुळे तो त्याला कोणी विचारत नाही. त्याला फक्त "सज्जा कुठला मिळाला?" असं विचारतात, आणि गावाचं नाव ऐकून सगळे समजुतीने माना डोलावतात.

वाचकांत कोणी शिक्षणसेवक असतील तर त्यांनी एवढाच परिच्छेद वाचून कामाला लागावं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत महिना ६ हजार होतं, मग ते १६ हजार झालं. एका फटक्यात १६६ टक्क्यांची वाढ. अख्ख्या हिंजवडीत अशी हाईक मिळालेला माणूस दाखवा. कोणी विचारलं तर टक्केवारीतच सांगा, रुपयांत उतरू नका.

स्थळांसाठीचा पगार हा वेगळा साहित्यप्रकार आहे. बायोडाट्यावर 'उत्पन्न' असा रकाना असतो. त्यात ६ लाख, अधिक न मिळालेलं व्हेरिएबल, अधिक येत्या एप्रिलची हाईक, अधिक गावाकडच्या अडीच एकरातला ऊस, असं सगळं एकत्र शिजवून ९ लाख लिहावेत. वाकडला टू बीएचके बुक केला असेल तर 'स्वतःचा फ्लॅट' लिहावं. पझेशनची तारीख लिहू नये, ती बिल्डरनेही लिहिलेली नसते. मुलगी तुमच्यापेक्षा जास्त कमावत असेल, आणि हल्ली तसं बऱ्याचदा असतं, तर घाबरायचं कारण नाही. साखरपुड्यापासून आकडा जोडीने सांगायला लागावं. "दोघांचं मिळून २० आहे" असं आपली आई चारचौघांत म्हणते तेव्हा त्यातले १४ कोणाचे, हे विचारणाऱ्या माणसाला त्या घरी पुन्हा आमंत्रण देत नसतात.

तुम्ही मुलगी असाल तर काम अवघड आहे. पगार फार सांगितला तर स्थळ हातचं जातं, कमी सांगितला तर हप्त्याचं गणित बसत नाही. "लग्नानंतर नोकरी करणार का?" हा प्रश्न पूर्वी लोक दरडावून विचारत. आता तोच प्रश्न अतिशय गोड आवाजात येतो, कारण गृहकर्जाच्या अर्जावर तुमचं नाव सहकर्जदार म्हणून आधीच पेन्सिलीने लिहून झालेलं असतं.

मित्राला सांगायचा पगार सर्वांत सोपा. "झालाच नाही अजून."

पुढच्या कंपनीच्या एचआरपुढे यातली कुठलीच कला चालत नाही. ती बाई तीन महिन्यांच्या पेस्लिप मागते, पीएफ खात्याचा नंबर, म्हणजे यूएएन मागते, कापलेल्या कराचा फॉर्म सोळा मागते. तुमच्या सासरच्यांना जे पंधरा वर्षांत कळणार नाही ते तिला दुपारपर्यंत कळतं. आणि मग ती सध्याच्या सीटीसीवर, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजवर, ३० टक्के वाढ देऊ करते. यातला तर्क लक्षात घ्या. काम तेच, खुर्ची तीच, पण शेजारच्या माणसाला मागच्या कंपनीने १० दिले म्हणून त्याला १३ आणि तुम्हाला ६ दिले म्हणून पावणेआठ. मागच्यांनी तुम्हाला किती कमी दिले याचा कागद सादर केलात की नवीन मंडळी त्याच प्रमाणात कमी देतात. जात पडताळणीचा दाखला असतो तसा हा. एकदा लागला की जन्मभर लागतो.

आणखी एक. त्यांना माणूस 'उद्या जॉइन होणारा' हवा असतो. त्यांच्याकडून सुटणाऱ्या माणसाला मात्र नोटीस पीरियड ९० दिवसांचा. सगळ्याच कंपन्यांना सगळ्याच कंपन्यांमधली माणसं लगेच हवी आहेत आणि स्वतःचं एकही सोडायचं नाहीये. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही मॅनेजर व्हायला अजून योग्य नाही.

आता महत्त्वाकांक्षा. मुलाखतीत "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" असं विचारतात. खरं उत्तर ग्रॅच्युइटीच्या नियमात आहे. कायम नोकरीत सलग पाच वर्षं काढली की शेवटच्या मूळ वेतनाचे १५ दिवसांचे पैसे, महिना २६ दिवसांचा धरून, दर वर्षामागे मिळतात. मूळ वेतन २५ हजारच राहिलं, आणि ते राहू शकतं, तर पाच वर्षांचे ७२ हजार. तिथे बघतो मी स्वतःला. पण हे बोलून दाखवायचं नाही. नेतृत्व, शिकण्याची भूक, एआय, असे चार शब्द फिरवून सांगावेत. विचारणाऱ्याचं निम्मं लक्ष दुसऱ्या स्क्रीनवर असतं, आणि पाच वर्षांनी आपण इथे नसणार हे त्याने स्वतःपुरतं ठरवलेलं असतं.

वाढ हवी असेल तर ती कुठे होते आहे ते बघायला शिका. नवख्या इंजिनिअरला मोठ्या आयटी कंपन्या दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख द्यायच्या, आजही साडेतीनच्या आसपास देतात. पोराच्या आयुष्यात स्थैर्य हवं असं आईवडील म्हणत होते ना, ते हे. उलट कामाचे तास बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, बायकोकडे किती वेळ बघत बसणार या सवालासकट. सव्वा वर्षात २८ टक्क्यांची हाईक, तीही अप्रेझलचा एकही फॉर्म न भरता. या ९० तासांत वाकडचा पूल आणि शिवाजी चौक इथे ट्रॅफिकमध्ये जाणारे तास धरायचे की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. धरले तर आपण बहुतेक जण बुधवारपर्यंत मोकळे होऊ. हिंजवडीतून जाणाऱ्या माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्या महिन्यात ट्रेनी म्हणून लागलेली पोरं टीम लीड होऊन, दोन कंपन्या बदलून, त्याच मेट्रोच्या खांबांखाली ट्रॅफिकमध्ये उभी राहिली. इतकी वरची जागा गाठूनही जमिनीवर पाय असलेली पिढी याआधी झाली नसेल.

शेवटी स्विच मारायची, म्हणजे कंपनी बदलायची, वेळ येतेच. तुमच्याच टीममध्ये नवा माणूस येतो, त्याला तुमच्यापेक्षा दीडपट पगार असतो आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी तुमच्यावर येते. शिकवा, नीट शिकवा, आणि चहाच्या वेळी त्याच्याकडून त्याला नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटचा नंबर घ्या.

राजीनाम्यानंतर एचआर एक फॉर्म भरायला देते. 'सोडण्याचं कारण' या यादीत 'अपुरा पगार' असाही एक पर्याय असतो. त्यावर टिचकी मारू नका. ती मारली की काउंटर ऑफरची मीटिंग लागते, तुमच्याकडे आत्तापर्यंत दुर्लक्ष झालं असं तीन माणसं तीन प्रकारे कबूल करतात आणि सात टक्के देऊ करतात. आईवडिलांच्या तब्येतीचं कारण तर मुळीच नको. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे, तेवढ्यात ते बरे होतात, आणि मॅनेजर येऊन म्हणतो, बरं वाटतंय ना त्यांना आता, मग राजीनामा मागे घे. 'उच्च शिक्षण' लिहा. कुठलं, ते कोणी विचारत नाही.