किती देतात?

आज सकाळी मित्रांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक तरुण चाहता आपल्या लाडक्या फुटबॉल क्लबची, नुकत्याच दुसऱ्या क्लबकडे गेलेल्या खेळाडूच्या नावाची जर्सी जमिनीवर पसरतो, पाठीवरचे नाव कॅमेऱ्यात नीट दिसावे म्हणून तिच्या सुरकुत्या हाताने सारख्या करतो आणि मग लायटर लावतो. ते कापड धड पेटत नाही, आधी आकसते, त्यामुळे त्या बिचाऱ्याला दोन-तीनदा खाली वाकावे लागते. शेवटी नावातली मधली दोन अक्षरे वितळून एकमेकांना चिकटतात आणि मागे उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात. खेळाडूचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दर हंगामात नाव तेवढे बदलते, व्हिडिओ तोच असतो. त्याखाली आमच्या एका मित्राने लिहिले होते, "पैशासाठी हे लोक काहीही विकतील." हा मित्र गेल्या सात वर्षांत तीन नोकऱ्या बदलून बसला आहे आणि प्रत्येक वेळी आपण सगळ्यांनी त्याचे अभिनंदन केले आहे.

मला राग आला तो इथे.

मीसुद्धा एकदा असाच गेलो आहे. ज्या कार्यालयात मी कामाचा श्रीगणेशा केला, तिथे नऊ वर्षे काढल्यावर मला दुसरीकडून जवळपास दीडपट पगाराचे बोलावणे आले. ज्यांनी मला हाताला धरून काम शिकवले, त्या साहेबांच्या टेबलावर मी राजीनामा ठेवला आणि घरून पाठ करून आणलेली वाक्ये म्हणू लागलो. नवी आव्हाने, शिकण्याची संधी, इथल्या ऋणातून कधीच मुक्त होणार नाही, वगैरे. साहेबांनी मला मध्येच थांबवून एवढेच विचारले, "किती देतात?" मी आकडा सांगितला. त्यांनी पेनाचे टोपण काढले, सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवताना मान वर केली नाही.

मी पैशासाठी गेलो होतो. माझी जर्सी कोणी जाळली नाही, कारण मला जर्सी नव्हती.

सन 2000 मध्ये पोर्तुगीज फुटबॉलपटू लुईस फिगो स्पेनमधला बार्सिलोना क्लब सोडून त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, रेआल माद्रिदला गेला, तेव्हा त्याची किंमत होती 1000 कोटी पेसेता (स्पेनचे तेव्हाचे चलन), म्हणजे साधारण सहा कोटी युरो. तोवर एवढी रक्कम जगात कोणत्याही खेळाडूसाठी कोणी मोजली नव्हती. बार्सिलोनाच्या चाहत्यांनी त्याला 'पेसेतेरो' म्हटले, म्हणजे पेसेतांच्या मागे धावणारा, आणि त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा काढल्या. नोव्हेंबर 2002 मध्ये बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर तो कोपऱ्यातून कॉर्नर किक घ्यायला गेला तेव्हा त्याच्यावर बाटल्या, नाणी, लायटर असे हाताला लागेल ते पडले. त्यांत भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचे एक मुंडकेही होते. सामना जवळपास पाव तास थांबवावा लागला. मला नेहमी त्या मुंडक्याचेच कुतूहल वाटते. नाणे खिशात असते, लायटर खिशात असतो, पण मुंडके घरून निघतानाच बरोबर घ्यावे लागते. त्या माणसाने ते पिशवीत घातले असेल, सांभाळून जागेपर्यंत नेले असेल आणि दोन वर्षांपूर्वीचा राग त्याच्याबरोबर इतका ताजा ठेवला असेल! आणि हे सगळे एका अशा आकड्यासाठी, जो फिगोच्या करारात बार्सिलोनाच्याच संमतीने लिहिलेला होता. एवढे पैसे कोणी भरले तर हा माणूस मोकळा, असे क्लबनेच कबूल केले होते. कोणीतरी ते भरले.

क्लब विकतो तेव्हा आपण त्याला धोरण म्हणतो. जानेवारी 1995 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबने आपला खेळाडू अँडी कोल याला मँचेस्टर युनायटेडला विकले. त्याच्या आदल्या हंगामात त्याने न्यूकॅसलसाठी 41 गोल केले होते. चिडलेले चाहते मैदानाबाहेर जमले आणि व्यवस्थापक केव्हिन कीगन पायऱ्यांवर उभा राहून त्यांना समजावत होता की, माझ्यावर विश्वास ठेवा, मी संघाच्या भल्याचेच पाहतो आहे. व्यवस्थापकाला असे म्हणण्याची मुभा आहे. खेळाडूने 'मी माझ्या भल्याचे पाहतो आहे' असे म्हटले की तो गद्दार ठरतो. गुडघा एकदा गेला की तिशीतच घरी बसावे लागणारा हा पेशा, आणि त्याच्याकडून आपण आयुष्यभराच्या निष्ठेची अपेक्षा करतो!

आणि 'पूर्वीचे खेळाडू कसे एका क्लबला वाहून घ्यायचे' हे रडगाणे तर मला ऐकवतच नाही. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला 20 पौंड, आणि करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जायला वाटच नसेल तर माणूस राहतो, त्यात वाहून घेण्याचे काय? पुढे बेल्जियममध्ये झाँ-मार्क बोसमन या खेळाडूला त्याच्या क्लबने पूर्वीच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर राहा म्हणून सांगितले आणि दुसऱ्या क्लबकडे जाऊही दिले नाही. तो न्यायालयात गेला. डिसेंबर 1995 मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला आणि करार संपल्यावर मोकळेपणाने जाण्याचा हक्क युरोपातल्या खेळाडूंना मिळाला. त्या हक्कावर आज कित्येक जण गडगंज झाले आहेत. बोसमन स्वतः मात्र त्या लढाईत कारकीर्द गमावून बसला आणि पुढे हलाखीत दिवस काढत राहिला. त्याच्या नावाची जर्सी जाळायला तरी कोणाकडे होती का?

आता तुमच्यापैकी दोघे-तिघे लिहिणारच की, ज्याला आधीच आठवड्याला लाखांत मिळतात त्याची गरज आणि तुझी गरज एक नाही. मान्य, नाही. लिव्हरपूल क्लबचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन 2023 मध्ये सौदी अरेबियाला, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा असलेल्या देशात, खेळायला गेला तेव्हा ज्या समलिंगी चाहत्यांच्या बाजूने तो इतकी वर्षे उभा होता, त्यांना जे वाटले ते रास्त होते, हेही मान्य. पण तिथला प्रश्न रकमेपेक्षा त्याने दिलेल्या शब्दाचा होता आणि आमच्या मित्राने व्हिडिओखाली शब्दाबद्दल काही लिहिलेले नाही.

इथपर्यंत लिहून मी चहाला उठलो होतो. परत येऊन बसलो तेव्हा पुन्हा साहेबांचा तो प्रश्न आठवला आणि राग थोडा दुसरीकडे वळला. इतकी वर्षे मी समजत होतो की, साहेबांना पैशाचा राग आला. पण ते पैशाला नावे ठेवणारे गृहस्थ नव्हते. माझी पगारवाढ अडली होती तेव्हा तेच वर जाऊन भांडले होते. त्यांनी मला थांबवले ते आकड्यावर नाही, 'ऋणातून कधीच मुक्त होणार नाही' या वाक्यावर. नऊ वर्षे शेजारी बसलेल्या माणसाला मी छापील मजकूर ऐकवत होतो.

खेळाडूही हेच करतात. गोल झाल्यावर छातीवरच्या बोधचिन्हाचे चुंबन घेतात आणि पुढच्याच हंगामात नव्या बोधचिन्हाजवळ उभे राहून हे आपले बालपणीचे स्वप्न होते म्हणून सांगतात. निरोपाचे पत्र कोणा तरी पगारी माणसाने लिहिलेले असते, हे शेंबड्या पोरालाही कळते. माझे म्हणणे असे की, चाहत्याला पैसा झोंबत नाही, ते पत्र झोंबते.

हे वाक्य लिहिले आणि लगेच इंग्लंडचा बचावपटू ॲशली कोल आठवला. त्याच्या आर्सेनल क्लबने आठवड्याला 55,000 पौंड देऊ केले तेव्हा संतापाने आपली गाडी रस्त्याबाहेर जाता जाता राहिली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आणि 2006 मध्ये तो चेल्सीला गेला. याहून उघड पैशाची भाषा कोण बोलणार? त्याला मात्र चाहत्यांनी सगळ्यांत जास्त छळले, 'कॅशली' म्हणून आयुष्यभराचे नाव चिकटवले. म्हणजे खरे बोलणाऱ्यालाही क्षमा नाही. माझा सिद्धान्त इथे लंगडा पडतो, हे कबूल करतो आणि पुढे जातो.

स्टीव्हन जेरार्डचे उदाहरण तर मजेशीर आहे. मे 2005 मध्ये इस्तंबूलला तीन गोलांनी मागे पडलेला लिव्हरपूल संघ ज्याच्या नेतृत्वाखाली चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला, त्याच कर्णधाराने जुलैमध्ये क्लब सोडण्याची इच्छा व्यक्त केली. सहा आठवड्यांत उपकार फिटले आणि मैदानाबाहेर त्याची जर्सी जळाली. दुसऱ्या दिवशी त्याने विचार बदलला आणि तो राहिला, पुढे दहा वर्षे खेळला. ज्याने जर्सी जाळली त्याने नवी विकत घेतली असेल का, आणि दुकानात नाव कोणते छापायचे असे विचारल्यावर त्याचा चेहरा कसा झाला असेल, हे मला पाहायला आवडले असते.

त्याच लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डबद्दल मात्र मला हसता येत नाही. सहाव्या वर्षी क्लबच्या दारात आलेला तो मुलगा तिथेच वाढला आणि तिथेच सगळे जिंकला. मे 2025 मध्ये, इंग्लिश लीगचे विजेतेपद मिळून जेमतेम आठवडा झाला असताना, करार संपल्यावर आपण जाणार असल्याचे त्याने जाहीर केले. पुढच्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून आत आला आणि चेंडू त्याच्या पायाला लागला की घरच्याच प्रेक्षकांतून हुर्यो उठत होती. मी ते पाहत होतो. तो आवाज द्वेषाचा नव्हता, निदान मला तरी तसा वाटला नाही. ज्या माणसाला कोणी काही विचारले नाही, त्याचा तो आवाज होता. वीस वर्षे ज्याला 'आमचा' म्हटले, त्याने निर्णय घेताना आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. यात चाहत्याचा हक्क काहीच नाही, पण दुखायला हक्क कुठे लागतो? रडा की मग. लायटर कशाला काढता?

1990 मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबने आपला लाडका खेळाडू रॉबेर्तो बाज्जो याला कट्टर प्रतिस्पर्धी युव्हेंटसला विकले तेव्हा फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर दंगल झाली, माणसे जखमी झाली. त्याला स्वतःला जायचे नव्हते. पुढच्या वर्षी तो त्याच मैदानावर परक्या जर्सीत उतरला, युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि त्याने ती मारायला नकार दिला. दुसऱ्याने मारली आणि ती वाया गेली. त्याला बाहेर बोलावण्यात आले तेव्हा प्रेक्षकांतून एक जांभळा, म्हणजे फिओरेन्तिनाच्या रंगाचा स्कार्फ त्याच्या वाटेत पडला. त्याने तो वाकून उचलला. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, तरी त्या वाकण्यापाशी येऊन थांबतो.

साहेबांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. पण पुढे जुन्या सहकाऱ्याकडून कळले की, मी गेल्यावर महिनाभर ते फाइल मागताना सवयीने माझेच नाव घेऊन हाक मारत होते, आणि माझ्या जागेवरचा नवा मुलगा दर वेळी निमूटपणे फाइल नेऊन देत होता.

हे सगळे लिहिण्यापूर्वी मी त्या मित्राला ग्रुपवर नाही, खासगीत एवढेच विचारले होते, "किती देतात?" त्याने लगेच उलट विचारले, "कोणाला? त्या खेळाडूला?" मी लिहिले, "नाही, तुला. आताच्या ठिकाणी." त्यालाही आता दोन तास झाले. निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर आलेले नाही.