सही आर्किटेक्टची, भुर्दंड मालकाचा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या दादाच्या घराचा विषय चालू आहे. कोकणात आंजर्ल्याला वाडीतलं जुनं घर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं अर्धी कौलं उडवून नेली, तेव्हापासून ते डागडुजीवरच उभं आहे. आता मागची पडवी काढून तिथे दोन पक्क्या खोल्या आणि संडास-न्हाणीघर बांधायचं ठरलं. काकूला रात्री अंगण ओलांडायला नको, आणि हंगामात एखादी खोली पर्यटकांना देता येईल. तालुक्याच्या आर्किटेक्टनं नकाशा केला, फाइल ग्रामपंचायतीत गेली आणि परत आली. सातबारा सामाईक असताना अर्जात मालक म्हणून एकट्या दादाचं नाव, आणि समुद्रापासूनचं अंतर नेमकं कुठून धरलंय ते कोणालाच सांगता येईना.

त्यावर बोरिवलीच्या काकांचा निकाल तयार होता. "तिकडे इंग्लंडात असला आर्किटेक्ट घरी बसला असता. तुमच्याकडे असं होत नाही ना गो?"

होतं. अगदी हेच होतं. लंडनपासून तासाभरावरच्या आमच्या गावात आम्ही स्वयंपाकघर मागे वाढवायला काढलं, तेव्हा आमच्या आर्किटेक्टनंही मालकीच्याच रकान्यात घोळ घातला. इथे अर्जासोबत मालकीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जमीन पूर्णपणे आपली असेल तर 'ए'. पाया किंवा पन्हळ वीतभर जरी शेजाऱ्याच्या हद्दीत जात असेल तर 'बी', आणि त्या शेजाऱ्याला रीतसर नोटीस. आमची पन्हळ जात होती, आणि यांनी 'ए' वर खूण केली. वर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नकाशात बाथरूमची म्हणून दाखवली. नव्या भिंतीमुळे कोणाचा उजेड अडतो हे ठरवताना बाथरूमच्या खिडकीला फारसं कोणी विचारत नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र विचारतात.

हे पकडलं कोणी? शेजारच्या निवृत्त बसचालकांनी. अर्ज दाखल झाला की सगळे नकाशे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, संकेतस्थळावर येतात आणि शेजाऱ्यांना मत मांडायला २१ दिवस मिळतात. त्यांनी नकाशा छापून घेतला, पट्टी लावली, मोजलं आणि एक पानी पत्र धाडलं. भांडण नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या.

अर्ज मागे घेऊन नव्याने करावा लागला. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत असा दुसरा अर्ज वर्षभरात फुकट करता यायचा, ती सवलत गेली. घर वाढवण्याच्या अर्जाचं शुल्क २०२५ च्या एप्रिलपासून २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झालं. आपल्या पैशात साठेक हजार. हे दुसऱ्यांदा भरायचे कोणी, यावर आमची आर्किटेक्टशी जी पत्रापत्री झाली तिच्यात त्यांनी 'माझं चुकलं' असं एकदाही लिहिलं नाही. विम्याची कंपनी तसं लिहू देत नाही म्हणे. पण दुसरं शुल्क त्यांनी भरलं आणि नवे नकाशे फुकट काढून दिले, कारण काम सुरू होण्याआधी सही केलेल्या करारात कोणतं काम कोणाचं हे लिहिलेलं होतं. आर्किटेक्टांच्या इथल्या नोंदणी मंडळाचा तसा दंडक आहे: लेखी करार हवा, नुकसानभरपाईचा विमा हवा, तक्रार ऐकून घ्यायची ठरलेली पद्धत हवी. मंडळ स्वतः भरपाई देववत नाही, फार तर ताकीद देतं, दंड करतं किंवा नाव काढून टाकतं. म्हणजे काकांना वाटतं तशी फाशी इथेही कोणाला होत नाही. शिवाय 'आर्किटेक्ट' ही पाटी न लावता नकाशे काढून देणारे इथेही मोप आहेत, आणि त्यांच्यावर मंडळाचा काडीचा हक्क चालत नाही.

मग फरक कशात आहे? दादाच्या आर्किटेक्टनं अंतर मोजलं ते मोबाइलच्या नकाशावर, वाळू संपते तिथून. मे महिन्यात वाळू कुठे संपते आणि आषाढात कुठे, हे आंजर्ल्याच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत, धरायची असते ती भरतीची रेषा, आणि ती मंजूर किनारा नकाशावर आखलेली असते. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांना विनाविकास पट्टा पन्नास मीटरवर आणला, पण बाकीच्या ग्रामीण किनाऱ्याला तो दोनशे मीटरच कायम आहे. आपलं घर कुठल्या बाजूला पडतं यावर दादाच्या खोल्यांचं सगळं गणित. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र 'सीआरझेड लागू नाही' एवढं बिनदिक्कत टंकून खाली सही ठोकलेली. दादानं विचारलं तर उत्तर आलं, "होऊन जाईल हो, मी बघतो."

या 'मी बघतो'ला कागद नाही. पैसे दिले ते निम्मे रोख, निम्मे फोनवरून, पावती नाही. कायदा आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. १९७२ चा आर्किटेक्ट कायदा आहे, वास्तुकला परिषद आहे, व्यवसायातल्या वर्तनाचे १९८९ चे नियम आहेत, रत्नागिरीला ग्राहक आयोग आहे. पण त्याच माणसाकडे उद्या पुतण्याचं घर न्यायचंय, त्याचा मेहुणा ग्रामपंचायतीत, आणि सही करणारा पुष्कळदा आर्किटेक्ट नसून परवानाधारक इंजिनियर असतो, ज्याच्याशी वास्तुकला परिषदेचा संबंधच येत नाही. दादा कोणाविरुद्ध आणि काय घेऊन तक्रार करणार?

ग्रुपवरचा दुसरा सूर 'परवानगीराजच बंद करा' असा आहे. तो मला निम्मा पटतो. २०२१ साली राज्य सरकारनं गावातल्या लहान घरांना सूट दिली: १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं तर कागद आणि शुल्क ग्रामपंचायतीत जमा करायचं, ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी पुरे, नगररचनेच्या हेलपाट्यांतून सुटका. फार बरं झालं. पण नकाशा नियमात बसतो याची हमी मग त्या एका सहीवर आली. साहेबाची नजर काढून घेतलीत आणि सही करणाऱ्यावर ना करार, ना विमा, अशानं सुटसुटीत झालं ते त्याचं काम. दादाच्या डोक्यावरचा धोंडा उलट जड झाला, कारण चूक निघाली तर पाडण्याची नोटीस येते मालकाच्या नावानं.

आणि निघते ती कधी? इंग्लंडात आमची निघाली अर्ज टेबलावर असताना, वीटसुद्धा आणली नव्हती. कोकणात ती निघते दहा वर्षांनी, घर विकायला काढलं की, नाहीतर कर्जाला बँकेचा वकील आला की, नाहीतर कोणीतरी माहिती अधिकारात फाइल मागवली की. तोवर स्लॅब पडलेला असतो, काकू त्या खोलीत राहायला गेलेली असते, आणि आर्किटेक्टनं पुण्यात ऑफिस थाटलेलं असतं.

फाइल अशी उघड्यावर टाकावी म्हटलं की दादा म्हणतो, "अगो, भावकी एकेका चिऱ्यावर हरकत घेईल." घेईल. इथेही शेजारी खुन्नस काढतात. पण इथे हरकतीला कारण लागतं. 'आमच्या खिडकीतून दिसणारं झाड दिसेनासं होईल' किंवा 'आमच्या घराची किंमत उतरेल' ही कारणं अधिकारी बाजूला ठेवतो. उजेड अडतो, हे मात्र धरतो. आपल्याकडे ना कारण सांगावं लागत, ना मुदत असते, म्हणून हरकत बांधकामापेक्षा जास्त टिकते. तीन आठवड्यांत काय ते बोला आणि मग गप्प बसा, असा नियम आंजर्ल्याला आला तर भावकीची अर्धी भांडणं उपाशी मरतील.

इथलं सगळं उचलून तिथे न्यावं असंही नाही. आमच्या मंजुरीच्या कागदात नव्या विटांचा रंग जुन्या विटांशी जुळायला हवा अशी अट आहे, आणि पावसाचं पाणी मागच्या बाजूनं कसं उतरेल हे आर्किटेक्टला दोनदा विचारावं लागलं. दादाच्या गवंड्यानं जागेवर उभं राहून पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, की पडवी इकडे वाढवलीत तर विहिरीकडे जाणारा पऱ्या, म्हणजे ओहोळ, अडेल, चार फूट सरका. आर्किटेक्टच्या नकाशात विहीर होती, पऱ्या नव्हता.

दादाला मी एवढंच सुचवलं आहे: नवा नकाशा करून घेताना अंतर कुठल्या नकाशावरून धरलं ते त्याच कागदावर लिहून घे, आणि फाइल पुन्हा परत आली तर फेरनकाशाचे पैसे कोण देणार ते आधी ठरव, साध्या कागदावर का होईना. आर्किटेक्टनं "असं कोणी लिहून देत नाही" म्हणून सांगितलं. दादा दापोलीतच दुसऱ्याकडे चौकशी करतो आहे. सामाईक हिश्शाच्या संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या गणपतीत घ्यायच्या ठरल्यात, तेव्हा झाडून सारे गावाला असतात. बाकीचे तयार आहेत. बोरिवलीच्या काकांचं म्हणणं, आधी सरकारी मोजणी आणून त्यांचा हिस्सा वेगळा दाखवा, मग सही.