वास काढूनच विकायची असेल, तर फेणी कशाला?

आज पणजीत निर्यातीवरच्या एका चर्चासत्रात एका सल्लागार महाशयांनी फेणी गाळणाऱ्यांना सांगितले की, तिचा वास काढून टाका, बाटली देखणी करा आणि वर्षभरात दहा देशांत उतरा. त्यावर टाळ्याही पडल्या. मला सत्तरी तालुक्यातला माझा चुलतभाऊ आठवला. त्याच्या भाटीवर, म्हणजे फेणी गाळायच्या भट्टीवर, आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याने नेमकी हीच अट घातली होती. भावाने वाद घातला नाही. त्याने आधी लिंबू, सोडा आणि चिरलेली मिरची घालून हुर्राक, म्हणजे पहिल्या गाळपाचे सौम्य मद्य, पुढे केला, मग फेणी. वासाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दहा देश म्हणे! घाई एका देशातही अंगलट येते. ऑस्ट्रेलियात इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी कॉफीची आवड केव्हाच रुजवली होती. तिथे स्टारबक्ससारख्या बलाढ्य कंपनीने भराभर दुकाने थाटली आणि २००८ साली ८४ पैकी ६१ बंद केली. उलट आपल्या कुंकळ्ळीत तयार होणारी पॉल जॉन सिंगल माल्ट २०१२ साली आधी ब्रिटनमध्ये उतरली, जिथल्या जाणकारांचा शब्द व्हिस्कीच्या जगात चालतो. गोव्यातल्याच सभागृहात हे एकालाही आठवू नये, याचा मला खरोखर संताप आला.

नवख्या माणसाला फेणीचा वास खुपतो, हे मान्य. पण वास गेल्यावर उरणारे मद्य कोणत्याही देशात कोणीही गाळू शकतो, आणि भावाकडचा तो व्यापारी त्यासाठी सत्तरीपर्यंत कशाला आला असता?

नावाविषयी तर व्यासपीठावरून कोणी चकार शब्द काढला नाही. फेणी या नावावर गोव्याचा हक्क राखणारे, २००९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन भारतापुरते आहे. बाहेर प्रत्येक बाजारपेठेत संरक्षण वेगळे मिळवावे लागते. दार्जिलिंग चहाने युरोपीय संघात ते २०११ साली मिळवले.

चहाच्या वेळी ते महाशय भेटले. त्यांनी भाटी कधी पाहिलेलीच नव्हती आणि तसे त्यांनी सरळ सांगितलेही, त्यामुळे माझा राग निम्मा ओसरला. एप्रिलमध्ये या, भावाकडे नेतो, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. मात्र निर्यातीसाठी सरकारी पैसा मिळणारच असेल, तर तो दहा देशांतल्या प्रदर्शनांवर उधळू नये. एका देशात फेणीचे नाव नोंदवण्यावर आणि तिथल्या बारमध्ये फेणी कशी द्यायची हे शिकवणाऱ्या माणसाच्या पगारावर खर्च करावा.