बंद फाटकाची बातमी

पावसाळ्यात पहाटे सहा वाजता डोंबिवलीकराला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: लोकल चालू आहेत की नाहीत आणि शाळेला सुट्टी आहे की नाही. गेल्या जुलैत अशाच एका धो धो पहाटे मी टीव्ही लावला, तर पडद्यावर एका माजी मंत्र्यांच्या बंगल्याचे फाटक. फाटक बंद होते. ते बंद असल्याची माहिती, उलटी झालेली छत्री सावरत, एक वार्ताहर सर्वांत आधी आपल्याला देत होता. त्याच्या पाठीमागचा रस्ता गुडघाभर पाण्यात होता. पण त्या रस्त्याकडे पाहायला कॅमेऱ्याला सवड नव्हती.

साहेब एका जुन्या मित्राकडे न्याहारीला निघाले होते. मोटार बाहेर पडताच वाहिन्यांचे दहा-बारा बूम माइक काचेवर आदळले, काच दोन बोटे खाली आली, ‘पाऊस चांगला आहे’ एवढे शब्द बाहेर पडले आणि काच पुन्हा वर गेली. झाले! ते सूचक विधान ठरले, राजकीय वर्तुळात चर्चांना उधाण आले, अनेकांच्या भुवया उंचावल्या आणि स्टुडिओतल्या चार चौकटींत बसलेले चार विश्लेषक ‘चांगला म्हणजे नेमका कोणासाठी चांगला’ याचा कीस पाडू लागले.

वाहिन्यांना तरी पूर्ण दोष कसा द्यावा? आपल्याकडे ‘माजी’ हे पद कायमचे नसतेच. १९९९ मध्ये माजी मुख्यमंत्री झालेले नारायण राणे २००५ मध्ये महसूलमंत्री झाले. २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलेले अशोक चव्हाण २०१९ अखेर सार्वजनिक बांधकाममंत्री म्हणून परतले. आणि देवेंद्र फडणवीस तर नोव्हेंबर २०१९ मध्ये भल्या सकाळी शपथ घेऊन चौथ्या दिवशी राजीनामा देऊनही २०२२ मध्ये उपमुख्यमंत्री आणि २०२४ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. अशा राज्यात माजींच्या दारी भिजत उभे राहणे ही वार्ताहराच्या दृष्टीने दूरदृष्टीच म्हणायची. शिवाय विद्यमान मंत्र्यांना वेळ नसतो, माजींकडे तो मुबलक असतो आणि वाहिनीला चोवीस तास भरायचे असतात. (आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरींकडेही वेळ भरपूर आहे; सुदैवाने त्यांच्यापुढे बूम धरणारे कोणी नाही.)

इकडे मुलगा एकाच पायात मोजा घालून दारात उभा होता आणि डबा भरावा की भरू नये या विचारात पत्नी पोळी हातात धरून. शाळेच्या ग्रुपवर सगळे पालक एकमेकांनाच सुट्टीबद्दल विचारत होते. सात वाजता ‘वेगवान शंभर बातम्या’ लागल्या. पावसाचा क्रमांक एकोणसत्तरावा लागला, निवेदिकेने ‘शाळांबाबत’ एवढा शब्द उच्चारला आणि तेवढ्यात पडदा लाल झाला: साहेब मित्राच्या घरी पोहोचले होते.

शेवटी मुलाला रिक्षात घालून मीच शाळेपर्यंत गेलो. शाळेचे फाटक बंद होते, आणि ते बंद असल्याचे सांगायला तिथे एकही वार्ताहर नव्हता.