भाजीच्या वाफ्यात तणावर मीठ मारू नका

“व्हिनेगर ५ लिटर, मीठ १ किलो, भांडी घासायचं लिक्विड २ चमचे. १० चौरस मीटर वाफ्यावर फवारा. तण मुळासकट मरतं, मिठातल्या खनिजांनी माती सुधारते, उरलेलं मीठ पाण्याबरोबर निघून जातं.” हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा तो माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने मिठाच्या पिशव्या आणूनही ठेवल्या. म्हणून एकेक दावा घेते.

“खनिजांनी माती सुधारते.” सगळ्यात घातक थाप हीच. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराईड. क्लोराईड झाडाला कणभर पुरतं, सोडियमची बहुतेक भाज्यांना गरजच नाही. चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात, त्यांचा रवा बनतो आणि मधल्या फटींतून हवा-पाणी खेळतं. सोडियम त्या कॅल्शियमची जागा बळकावतं, कण सुटे होतात, फटी बुजतात. अशी माती ओली असताना बोटांना बुळबुळीत लागते आणि वाळली की वर कडक पापुद्रा धरते. खाली उगवलेला कोंब त्याला डोकं लावून वाकडा होतो, बाहेर येत नाही. जमीन चोपण होते ती अशी.

आता आकडे. अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) सिंचनाच्या पाण्यावरच्या १९८५ च्या पुस्तिकेत पिकवार तक्ता आहे. मातीची क्षारता (तिच्यातल्या क्षारांचं प्रमाण, ते डेसीसायमन प्रति मीटर या एककात मोजतात) घेवडा आणि गाजर १ पर्यंत सोसतात, कांदा १.२, टोमॅटो २.५. क्षारता २.३ झाली की घेवड्याचं उत्पन्न चौथाईने घटतं. १० चौरस मीटरवरचं १ किलो मीठ वरच्या १५ सेंमी मातीत मुरलं, तर क्षारता साधारण २ ने वाढते. म्हणजे एकाच फवारणीत घेवडा, गाजर, कांदा तिघांनाही फटका.

“पाण्याबरोबर निघून जातं.” जातं, पण किती पाण्याने? ३० सेंमी खोल मातीतलं सुमारे ८० टक्के मीठ खाली ढकलायला तितकंच, म्हणजे ३० सेंमी उंचीचं पाणी मुरावं लागतं. त्या वाफ्याला ३,००० लिटर! तेही निचरा चांगला असेल तर. ज्यांनी आधीच फवारलंय त्यांनी वरची दोनेक सेंमी माती लगेच खरवडून बाहेर टाकावी. माती चिकण असेल तर आधी जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) मिसळावं, मगच पाणी थांबून थांबून मुरवावं.

“मुळासकट मरतं.” यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ५ टक्क्यांचं व्हिनेगर दोन-चार पानांची कोवळी रोपं उन्हात करपवतं, आणि साबणामुळे ते पानाला चिकटतं. पण ते मुळापर्यंत उतरत नाही. हराळी कांड्यांतून फुटते, लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून. २० टक्क्यांचं तीव्र व्हिनेगर आणायचा सल्लाही कुणी देतं; त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते.

मग करायचं काय? तण पांढऱ्या धाग्याएवढं असतानाच कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरपीने वरची २ सेंमी माती हलवा. त्याहून खोल गेलात तर खाली निजलेलं बी वर येऊन उजेडात रुजतं. हराळीच्या कांड्या हाताने वेचा, कारण फावड्याने तुटलेला प्रत्येक पेराचा तुकडा नवं झाड होतो. इतर तणांवर पुठ्ठा आणि त्यावर ७-८ सेंमी वाळका पाला पुरतो, फक्त रोपाच्या खोडापासून चार बोटं लांब ठेवा. लव्हाळा मात्र पुठ्ठा भोसकून वर येतो. तो दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरायच्या आत, गाठीसकट उकरावा लागतो, आणि हे दोन हंगाम तरी चालतं. त्याला सावली सोसत नाही, म्हणून तिथे भोपळ्यासारखा दाट पसरणारा वेल लावा.

मातीसाठी वर्षाला ३ ते ५ सेंमी कुजलेलं कंपोस्ट वरच्या १० सेंमीत मिसळा. कंपोस्ट हातात गरम लागत असेल तर अजून थांबा. ते अजून पुरतं कुजलेलं नसतं.