मोबाईलला लॉक लावलं, पण आबा अनलॉकच होते

पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगून ठेवते. घाई असेल त्यानं संध्याकाळी वाचा.

मागच्या वर्षी नवतपात, म्हणजे मे संपतानाच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, तुझे पोट्टे दिवसभरात किती वेळ मोबाईल बघतात गं? मी म्हटलं अर्धा पाऊण तास, जास्त नाही देत मी. हे बोलताना मी हॉलमधे उभी होती आणि माझ्यासमोर लहानी, तेव्हा तीन वर्षांची, कुलरसमोर पालथी पडून कोणीतरी अंड्यातून खेळणी काढून राहिलं ते बघत होती, मोठा दिवाणावर उलटा लटकून गेम खेळत होता, आणि आमचे आबा म्हणजे माझे सासरे आरामखुर्चीत फुल आवाजात रील्स ऐकून राहिले होते. ऐकूनच, कारण चष्मा कुठं ठेवला ते त्यांनाच माहीत नव्हतं. अर्धा तास तर माझी भाजी चिरून होईपर्यंतच झाला असेल.

बाहेरच्या लोकांना आपला नागपूरचा उन्हाळा सांगूनही कळत नाही. पुण्याची नणंद म्हणते, "वहिनी, सोड ना त्यांना खाली खेळायला." कुठं सोडू बाप्पा? ४५ डिग्री, अकरानंतर खामल्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, टाकीचं पाणी असं येतं की त्यात चहापत्ती टाकावी. वरून विदर्भातल्या शाळा उघडणार जूनच्या शेवटी, उरलेला महाराष्ट्र शाळेत जाऊन बसतो तरी आमचे घरीच. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, पडदे ओढलेले, कुलर घों घों करून राहिला, आणि या सात तासांत पोरानं नेमकं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. मग आपणच मोबाईल देतो आणि मोबाईल घेतला म्हणून त्यालाच रागावतो.

आणि सुरुवात कोणी केली? मीच केली. लहानी चौदा महिन्यांची होती, दात येत होते, काही खात नव्हती. एक दिवस वरणभाताची वाटी घेऊन बसली आणि समोर गाणं लावलं. पोरीनं तोंड उघडलं. मी खूष! पंधरा दिवसांत असं झालं की नजर स्क्रीनवर, चमचा जवळ आला की तोंड उघडणार, गिळणार, परत उघडणार, वरण आहे का खीर आहे, पोट भरलं का नाही, तिला काही पत्ता नाही. एकदा मधेच नेट गेलं, तो गोल फिरायला लागला आणि तिनं घास तसाच गालात धरून ठेवला. गिळेना पण, थुंकेना पण. गाणं सुरू झालं तेव्हा गिळला. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी पुढचे पाच-सहा महिने तसंच भरवलं, कारण माझी ऑफिसची बस पावणेनऊला होती. खोटं कशाला बोलू.

नियम मला माहीत नव्हते असं नाही. डब्ल्यूएचओनं २०१९ मधेच सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर आणखी बरं. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तीही तेच म्हणते: दोन वर्षांपर्यंत शून्य, कधीमधी आजी-मावशीचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो, पाच वर्षांपर्यंत एक तास आणि तोही मोठं माणूस शेजारी बसून, दहापर्यंत दोन तासांच्या आत. मी वाचलं, पटलं, आणि सगळे करतात तेच केलं, फोनमधे गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप टाकून एक तासाची लिमिट लावली. तास झाला की फोन लॉक. दोन दिवस घरात इतकी शांतता की मला वाटलं जिंकलो बाप्पा!

तिसऱ्या दिवशी कळलं की दोघं आबांच्या खोलीत आहेत. आबांच्या फोनला ना पासवर्ड, ना लिमिट, डेटा रोजचा दोन जीबी आणि वापरणारे आबा एकटे. शिवाय आबांना सोबत पाहिजे, पोट्ट्यांना फोन पाहिजे, दोघांचं मस्त जमलं.

मी बोलायला गेली तर आबा म्हणाले, "सूनबाई, तुझ्या नवऱ्यानं काय कमी टीव्ही बघितला का? रामायण लागायचं तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता, दर रविवारी हा शेजारच्यांच्या घरी आंघोळ करून सगळ्यात पुढे सतरंजीवर बसायचा. बिघडला का?"

(या प्रश्नाचं उत्तर मी इथं देत नाही, नवरा पोस्ट वाचतो.)

मी म्हटलं, "मग उठायचे कधी हे?"

"संपलं की उठायचा. बसून काय करणार होता?"

आबा सहज बोलून गेले आणि पेपर वाचायला लागले पण माझ्या डोक्यात ते दोन दिवस फिरत राहिलं. संपलं की उठायचा. आमच्या लहानपणी बघायचं ते संपायचं! छायागीत संपायचं, रविवारचा सिनेमा संपायचा, मग बातम्या लागायच्या आणि आपण आपोआप अंगणात. आईला ओढून काढावं लागायचं नाही, टीव्हीच हाकलून द्यायचा. आता पोराच्या हातात दिलं आहे त्याला शेवटच नाही. एक व्हिडिओ होत नाही तर दुसरा खालून वर येतो, ऑटोप्ले बोट लावायची पण वाट बघत नाही. म्हणजे आपण अर्धा तास ठरवतो पण तो अर्धा तास नेहमी कशाच्या तरी मधेच येऊन पडतो. मोठ्या माणसाचा सिनेमा असा अर्ध्यातून बंद करून बघा, तो पण पाय आपटेल.

तेव्हापासून मिनिटं मोजणं मी जवळजवळ सोडलं. आमच्या घरी आता संपतं तेच बघायचं. कार्टूनचे दोन एपिसोड, मोठ्यासाठी पाच ओव्हरची एक मॅच, शनिवारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा. ऑटोप्ले सगळ्या फोनमधे बंद, आबांच्या पण. शॉर्ट्स, रील्स पोट्ट्यांना नाहीच, पाच मिनिटं पण नाही, याच्यात मी जराही ऐकत नाही, कारण बाकी कशाला तरी शेवट असतो, याला बनवतानाच शेवट ठेवला नाही. आणि शक्यतो टीव्हीवर लावते, हातातल्या फोनवर नाही. टीव्ही सगळ्यांना दिसतो, पोळ्या लाटता लाटता मला पण कळतं काय चाललं आहे. पहिले चार-पाच दिवस घरात रणकंदन झालं, लहानीनं रिमोट पिठाच्या डब्यात पुरला तो मला दुसऱ्या दिवशी कणीक मळताना सापडला. पण साधारण दहाव्या दिवशी दुसरा एपिसोड संपला, तिनं स्वतः "संपलं" म्हटलं आणि "आंबा दे" म्हणून मागे आली. मी लगेच कापून दिला, म्हटलं वेळ घालवायला नको.

डोळ्यांचं पण सांगते. मोठ्याला दिवाळीत चष्मा लागला, मायनस सव्वा. चष्म्याच्या दुकानदारानं ब्लू कट काच (स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी) घ्या, मोबाईलच्या पोरांना लागतेच म्हणून नऊशे रुपये जास्तीचे लावले आणि मी घाबरून दिले. नंतर धंतोलीच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले नंबर वाढण्याशी या काचेचा काही संबंध नाही, तुम्ही मला हे सांगा की हा दिवसाउजेडी बाहेर किती असतो? मी गप्प. जवळचं सतत बघणं हे एक कारण आहेच, मग मोबाईल असो नाहीतर पुस्तक, पण दुसरं मोठं कारण म्हणजे मुलं उजेडातच जात नाहीत. बाहेरच्या लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याचा गोळा लांबट व्हायला आवर घालतं असं त्यांनी समजावलं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड आपल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. तैवानमधे २०१० पासून शाळेच्या पोरांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीमच आहे आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण तिथं २०१२ नंतर खाली यायला लागलं. पण याचा खरा फायदा नंबर लागायच्या आधी, म्हणजे मोठ्याला थोडा उशीर झाला, लहानीला वेळ आहे.

मग नागपुरात दोन तास आणायचे कुठून? उन्हाळ्यात एकच रस्ता, पहाटे. पावणेसहाला मैदानावर, साडेसातला परत, रविवारी सेमिनरी हिल्स आणि येताना तर्री पोहे. उशीरा झोपला तर पहाटे उठत नाही, म्हणून रात्रीचा मोबाईल बंद करायचं भांडणच संपलं, सकाळची क्रिकेटची मॅच चुकेल या धाकानं तो स्वतः साडेनऊला आडवा होतो. माझ्या लेक्चरनं जे वर्षभरात झालं नाही ते टेनिस बॉलनं झालं.

राहिली दुपार. ही आबांनी सोडवली, आणि मी त्यांना हे तोंडावर सांगितलं नाही म्हणून इथं लिहून राहिली. एका दुपारी लाइट गेली नव्हती, नेट पण सुरू होतं, काही कारण नव्हतं, आबांनी खडू मागितला आणि फरशीवर पाच बाय पाचचा अष्टा-चंगा आखला. चिंचोके मी वर्षभराची चिंच साफ केली त्यातले. ते मधोमध फोडले, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे. चारही पांढरे पडले की चंगा, चार घरं, चारही काळे पडले की अष्टा, आठ घरं. बांगडीचे तुकडे, तुरीचे दाणे, शर्टाची बटणं आणि लहानीसाठी चार शेंगदाणे अशा सोंगट्या (शेंगदाणे दर वेळी नवीन लागतात, ती खाऊन टाकते). आबा चिडी खातात! चिंचोके हळूच बोटानं उलटवतात, मोठ्यानं त्यांना दोनदा रंगेहाथ धरलं आणि त्या भांडणात कुलरच्या वरचा आवाज होता. पण चार वाजेपर्यंत कोणाला मोबाईल आठवला नाही. आबांना पण नाही. माझा अंदाज आहे की आबांना रील्स कधी आवडतच नव्हत्या, ७१ व्या वर्षी दुपारी त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं एवढंच.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठे वाचतात, गप्पा मारतात. आमच्या कॉलनीत भोंगा वाजवला तर आधी पोलिसात तक्रार होईल, म्हणून घरापुरतं कुकरच्या शिट्टीवर ठरवलं. तिसरी शिट्टी झाली की सगळे फोन मिक्सरच्या मागे चार्जिंगला, जेवण होईपर्यंत. सगळे म्हणजे माझा पण. सगळ्यात जास्त वेळा मीच पकडली गेली, हे कबूल करते.

आणि पकडली जाते कशानं? शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं! नाव घेत नाही पण सगळ्यांच्या शाळा सारख्याच. पालकसभेत मॅडम अर्धा तास मोबाईलचे दुष्परिणाम सांगणार आणि रात्री पावणेनऊला ग्रुपवर होमवर्कचे सात फोटो, वरून "उद्या हा व्हिडिओ बघून चित्र काढून आणावे." मी दोनदा लिहून दिलं की फळ्यावर द्या, वहीत उतरवून येऊ द्या. उत्तरात अंगठा आला. शेवटी आम्ही चार आयांनी ठरवलं, आठवड्यात एकेकीनं ग्रुप बघायचा आणि बाकीच्यांना फोन करून होमवर्क वाचून दाखवायचा, पोरगं कानाला फोन लावून वहीत लिहून घेतं. जुन्या जमान्यासारखं वाटतं पण दोन मिनिटांत होतं आणि फोन परत मिक्सरमागे.

नियम मोडतात का? मोडतात ना. लग्नाच्या हॉलमधे, तापात, विदर्भ एक्सप्रेसमधे इगतपुरीच्या पुढे, मी स्वतः फोन काढून देते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

सध्या अडचण वेगळीच आहे. आमच्या मैदानावर सकाळी बॉलर सात आहेत, बॅटिंग तर सगळ्यांनाच पाहिजे, पण विकेटकीपर कोणी व्हायला तयार नाही आणि मागची बाजू सरळ नाल्याकडे उतरते, या आठवड्यात तीन बॉल गेले. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरकडे कोणाचा आठ-दहा वर्षांचा पोट्टा किंवा पोट्टी असेल तर इनबॉक्स करा, पावणेसहाला पाठवा. बॉल आम्ही देऊ, पाण्याची बाटली घरून आणा.