मनगटापासून खिशापर्यंत

माझ्या डाव्या मनगटापासून सदऱ्याच्या खिशापर्यंतचे अंतर हात खाली सोडला तर हातभर आणि छातीशी घेतला तर जेमतेम वीतभर भरते. मनगटावर दोन वर्षांचे स्मार्टवॉच असते, खिशात तीन आठवड्यांपूर्वी घेतलेला फोन असतो आणि ब्लूटूथ दहा मीटरपर्यंत सहज पोहोचते असे माहितीपुस्तिका सांगते. असे असूनही ही एक वीत ओलांडणे त्या दोघांना जमत नव्हते. फोन वाजून वाजून थके आणि घड्याळ मात्र फोनच्या चित्रावर काट मारून, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने नुसती वेळ दाखवत बसे.

घराबाहेर पडलो की सारे सुरळीत चाले. सकाळी फिरायला निघून पहिले वळण ओलांडले, की घड्याळ शहाण्यासारखे जोडले जाई आणि येणारा प्रत्येक संदेश मनगटावर थरथरे. घरी परतल्यावर तास-दोन तासांत, बहुधा मी फोन टेबलावर ठेवून गच्चीवर जाऊन आलो की, पुन्हा काट. ही गोष्ट मी रीतसर वहीत नोंदवली होती. पण तिचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आणि दोष घराच्या भिंतींना दिला.

मदतकेंद्रातल्या तरुणाने अत्यंत नम्रपणे सुचवले, "सर, एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा." मी फोन बंद केला, घड्याळ बंद केले, राउटर बंद केला आणि त्या भरात टेबलावरचा दिवाही बंद केला. यथावकाश सगळे चालू झाले; त्यांपैकी दिवा तेवढा अपेक्षेप्रमाणे वागला.

मग मी अभ्यासाला लागलो आणि तेथेच फसलो, कारण थोडे ज्ञान मिळाले की प्रत्येक वस्तू संशयित दिसू लागते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. घरातले वाय-फायही बऱ्याचदा त्याच पट्ट्यात बोलते आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तर २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. घड्याळासारख्या कमी वीज खाणाऱ्या उपकरणांसाठी या पट्ट्यात ४० मार्गिका आखल्या आहेत. त्यांपैकी "मी येथे आहे" अशी हाक देण्यासाठी मुख्यतः तीनच वापरल्या जातात आणि त्या वाय-फायच्या नेहमीच्या गर्दीतून अंग चोरून बसवलेल्या आहेत. हे वाचून मी राउटर दुसऱ्या खोलीत हलवला आणि ओव्हनवर बंदी घातली, जी घरात कोणीही पाळली नाही. पुढे असेही कळले, की पाणी या लहरी शोषून घेते आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते. म्हणजे मनगट आणि फोन यांच्या आड येणारा सर्वांत मोठा अडथळा मी स्वतःच होतो! त्यानंतर दोन दिवस मी डावा हात अखंड छातीशी धरून वावरलो. संपर्क काही जुळला नाही, मात्र शेजाऱ्यांनी दोनदा येऊन प्रकृतीची चौकशी केली.

त्यानंतर मोर्चा परवानग्यांकडे वळवला. अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, 'जवळपासची डिव्हाइस' नावाची एक स्वतंत्र परवानगी मागितली जाते. लोकांच्या डिव्हाइसशी आपल्याला काय करायचे आहे, अशा सभ्य विचाराने मी ती पहिल्याच दिवशी नाकारली असेल, अशी मला शंका आली. तपासले तर दिलेली होती. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन पार्श्वभूमीतली अॅप परस्पर झोपवतो असेही वाचले, म्हणून घड्याळाच्या अॅपला त्या नियमातून खास सूट दिली. अॅप जागे राहिले. त्याच्याबरोबर मीही जागा राहिलो.

शेवटी उरला तो 'विसरा' हा पर्याय. जुनी जोडणी फोनच्या यादीतून पुसायची आणि दोघांची नव्याने ओळख करून द्यायची. या वयात विसरणे मला विनासायास जमते, म्हणून मी उत्साहाने ते बटण दाबले आणि नवा शोध सुरू केला. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. यादीत शेजाऱ्यांचा दूरचित्रवाणी संच आला, कोणाचे तरी इअरफोन आले, केवळ आकड्यांचे नाव असलेली एक गूढ वस्तूही आली. हाताला बांधलेले घड्याळ मात्र सापडेना. ते वर्तुळ पाहत असताना मी ब्लूटूथ या नावाचा इतिहासही वाचून काढला. दहाव्या शतकात डॅनिश टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या हॅराल्ड राजाला 'निळा दात' असे टोपणनाव होते. १९९०च्या दशकात तात्पुरते म्हणून सुचवलेले हे नाव पुढे कायमचे झाले आणि बोधचिन्हात त्या राजाची आद्याक्षरे प्राचीन रून लिपीत गुंफली गेली. टोळ्यांना एकत्र आणणे त्यामानाने सोपे गेले असावे.

आता घड्याळ पूर्ण कोरे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. माझी दोन वर्षांची पावले, झोप आणि हृदयाचे ठोके पुसून टाकण्यासाठी मी बोट उचलले, तेवढ्यात सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "अहो, त्या जुन्या फोनला जरा आवरा हो! मी त्यावर नुसती गाणी ऐकते, तर मेला रोज रात्री म्हणतो, 'आजची पावले अपुरी आहेत.' तीन आठवडे झाले, त्याचं ऐकून मी गच्चीत फेऱ्या मारतेय, तरी याची पावलं काही वाढत नाहीत."

माझे बोट हवेतच राहिले. जुना फोन पलीकडच्या खोलीत फडताळावर होता. त्यांच्या स्पीकरसाठी त्याचे ब्लूटूथ अष्टौप्रहर चालू होते आणि घड्याळाचे अॅप त्यातून काढायचे मी विसरलो होतो. नव्या फोनशी संपर्क क्षणभर तुटला, की जुना फोन जुन्या ओळखीच्या हक्काने घड्याळाला गाठत असे. आणि एकदा तिकडे जोडले गेलेले माझे घड्याळ "मी येथे आहे" ही हाक देण्याचेच सोडून देई. मग नव्या फोनला ते सापडणार कोठून!

जुन्या फोनचे ब्लूटूथ बंद करताच नव्या पडद्यावरचे वर्तुळ थांबले आणि घड्याळाचे नाव उमटले. विजयाच्या भरात मी सौभाग्यवतींना सगळे सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, जुन्या फोनवरचा तीन आठवड्यांचा आलेख शेवटपर्यंत सरकवत पाहिला आणि विचारले, "म्हणजे एवढा वेळ बसून होतात, ते तुम्ही?"